मीटर वाचणारा बाइंडर

बाइंडरनं सत्तरी गाठली होती, पण वयाचा विषय निघाला की त्याला नेमकं कमी ऐकू यायचं. जन्म गेला पुस्तकं शिवण्यात. खळ लावायची, पुठ्ठा बसवायचा, प्रेसचं चाक आवळायचं. त्या चाकानंच जांघेत हर्निया काढला, असं बायको म्हणायची. वर्षभर पट्टा बांधून रेटलं, पण आता गाठ आत ढकलली तरी तासाभरात बाहेर हजर. ऑपरेशनची तारीख मिळाली तशी स्वारी खूश झाली.

आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरनं तपासलं. नातीच्या वयाची पोर, पण नजर बारीक. दोन मजले न थांबता चढता का, असं तिनं विचारलं. बाइंडर म्हणाला, धावत चढतो.

बायको शेजारीच बसली होती. उन्हाळ्यापासून हा माणूस जिन्याच्या वळणावर थांबून विजेचे मीटर वाचायचा, एक हात छातीवर ठेवून. खरं बोलावं तर तारीख जाणार. गाठ अडकली तर? आणि गप्प बसावं तर उद्या टेबलावर काय होईल?

"थांबतात हो," ती म्हणाली. "मीटर वाचत. तेही चष्म्याशिवाय."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, भूल दिली की हृदयाला पडल्या पडल्या जिना चढावा लागतो. तिथं थांबायला वळण नसतं."

ऑपरेशन पुढं गेलं. आधी हृदयाच्या तपासण्या करा, डॉक्टर म्हणाली. आणि गाठ दगडासारखी झाली, उलट्या लागल्या, तर उठून तडक या.

तीन दिवस बाइंडर बायकोवर रुसून होता. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचा. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्या होत्या. आधी औषधं, मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं.

घरी आल्यावर तो खाटेवर टेकला. एक हात गाठीवर.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"उन्हाळ्यापासून."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

डॉक्टरसमोर बोलले म्हणून शिव्या खायची तयारी तिनं केली होती. या प्रश्नाची नव्हती. ऑपरेशन एकदाचं उरकून जावं असं तिलाही वाटत होतं. तिनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट केलं, आणि पाणी आणायला उठली.