खोटा भरलेला रकाना

खोटं मी एकाच शब्दात बोलले होते आणि तेही मेथी निवडता निवडता. माझे यजमान कॅनडात, मी इकडे अर्जुनी मोरगावला सासूबाईंजवळ, आणि फोन भाजीच्या टोपलीला टेकवून ठेवलेला. मला तिकडे नेण्यासाठी नवऱ्याने भरायचा अर्ज ते भरत होते. तो अर्ज माणसाची जन्मापासूनची सगळी हकीकत विचारतो. ते एकेक प्रश्न वाचायचे, मी उत्तर द्यायची, ते लिहायचे. असं करता करता त्यांनी विचारलं, "याच्या आधी कोणत्या देशानं तुला व्हिसा नाकारला का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी लगेच पुढचा प्रश्न घेतला आणि मी पुढची जुडी.

खरं म्हणजे मला दोनदा नाकारलं होतं आणि दोन्ही वेळा ह्याच देशाने. पहिल्यांदा मी तेवीस वर्षांची होते. माझी मावसबहीण तिकडे असते, तिच्या बाळंतपणात मदतीला जायचं ठरलं होतं. दुसऱ्यांदा वर्षभराने, एका छोट्याशा अभ्यासक्रमासाठी. बोटांचे ठसे दिले, फोटो दिले, वडिलांच्या शेतीचे कागद जोडले. दोन्ही वेळा पत्र आलं की ही मुलगी परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही. केशोरीला माझ्या माहेरी ते पत्र वाचून दाखवल्यावर वडील म्हणाले होते, "झालं ते झालं. पण सोयरिकीत हे काहाडू नको. लोक म्हणतीन, पोरगी फॉरेनसाठीच लगन करून रायली." आणि नशिबाची गंमत अशी की पुढच्याच वर्षी जे स्थळ आलं ते कॅनडाचं. आता सांगायची सोय कुठे राहिली होती?

आणखी एक गोष्ट कबूल करते, वाचणाऱ्याला हसू येईल तर येऊ द्यावं. लग्नात माझं नाव बदललं. सासूबाईंनी निवडलेलं नाव यजमानांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, आणि नंतर पासपोर्टही त्याच नावाने झाला. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की नाकारली ती केशोरीची पोरगी, अर्जुनीच्या सुनेला कुणी कशाला नाकारेल? शहाणपण किती, तर लग्नाच्या दाखल्यावर जुनं नाव असल्याने तेही त्याच अर्जात एका रकान्यात लिहून दिलं होतं. म्हणजे चोराने आपला पत्ता लिहून ठेवावा तसं झालं. बोटांचे ठसे नावाबरोबर बदलत नाहीत, हे तर मला सुचलंही नाही.

अर्ज जाऊन दीड महिना झाला असेल. एका सकाळी यजमानांनी बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या कामावरच्या एका माणसाच्या बायकोचा अर्ज फेटाळला. जुना नकार लपवला होता म्हणे. आता पाच वर्षं तिला अर्जच करता येणार नाही. "लोक लपवतात काऊन, समजत नाही," ते म्हणाले. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. पाच वर्षं. आमच्या लग्नाला तीन झाली होती आणि त्यात आम्ही एकत्र राहिलो होतो मोजून चार महिने. पण खरं सांगायचं तर मला पाच वर्षांपेक्षा दुसरीच भीती होती. हा माणूस मला विचारेल की तू माझ्याशी लग्न केलंस की कॅनडाशी.

सासूबाईंनी त्याआधीच प्रतापगडच्या महादेवाचे सोळा सोमवार धरले होते. घरात आम्ही दोघीच. सासरे जाऊन सात वर्षं झाली, नणंद साकोलीला दिलेली, शेती ठेक्याने. दर सोमवारी आम्ही दोघी ऑटोत बसून डोंगराच्या पायथ्याशी जायचो आणि पायऱ्या चढायचो. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी सोबत. भक्ती वगैरे माझ्यात फारशी नव्हती. बेल वाहून झाला की त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि मी शेजारी उभी राहून महादेवाला माझी यादी ऐकवायची. लवकर होऊ दे, यंदाच होऊ दे. आणि ती बातमी ऐकल्यापासून त्यात आणखी एक भर पडली होती, की जुनं काही निघू देऊ नको. देवाला मी माझ्या लपवाछपवीत सामील करून घेत होते. तेव्हा ते लक्षात आलं नाही, आता आठवलं तरी मान खाली जाते.

नववा की दहावा सोमवार असेल. सासूबाईंनी अर्जाच्या झेरॉक्सची फाइल सोबत घ्यायला लावली. ती महादेवासमोर ठेवली, पुजाऱ्याने तिला भस्माचं बोट लावलं. सासूबाई नेहमीप्रमाणे डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी मला तिथे थांबवेना. त्या फाइलीत माझं खोटं होतं आणि त्यावर देवाचं भस्म लागलं होतं. मी ती उचलली आणि खाली येऊन चहाच्या टपरीपाशी बाकावर बसले.

त्या बाकावर एक तिबेटी बाई बसली होती. आमच्याकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वस्ती आहे, आम्ही तिला कॅम्प म्हणतो. थंडीत ही मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला जातात आणि थंडी ओसरली की परत येतात. साठीची असावी, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन कमरेला, हातात जपमाळ. ती कोणाची तरी वाट बघत होती. माझ्या फाइलीकडे बघून तिने विचारलं, "वीज़ा का फाइल है?"

"आपको कैसे पता?"

"हमारे कैंप में हर घर में ऐसा फाइल है." मग चहाचा घोट घेऊन तिने अगदी सहज, कुणाला मुलं किती विचारावं तसं विचारलं, "कितनी बार मना हुआ?"

"दो बार," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून ते निघालं आणि मी हादरले. तीन वर्षं जे नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला सांगितलं नाही, देवासमोर उभी राहून ज्याच्यावर पांघरूण घालायला सांगत होते, ते मी एका अनोळखी बाईला चहाच्या टपरीवर सांगून मोकळी झाले होते. मला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, नाकारलं होतं का? तिने विचारलं, किती वेळा. जणू नाकारलं जाणं हे माणसाच्या आयुष्यात असतंच, त्यात लाजायचं काय.

"लिखा है उसमें?" तिने विचारलं. मी मान हलवली, नाही. ती रागावली नाही की दचकली नाही. म्हणाली, "लिख दो. उनके पास सब रहता है. मेरा बेटा तीन बार मना हुआ, चौथी बार गया. हर बार हमने पुराना सब लिखा. वो पूछे उससे पहले लिख दो, बेटी." तेवढ्यात एक जीप आली, ती उठली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढे मी कॅम्पात दोनदा जाऊन आले, पण नावच माहीत नाही, कुणाला काय विचारणार? ती मला पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांना फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, ते नुकतेच कामावरून आले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू मला आधी काऊन नाही सांगितलं?" आणि फोन ठेवला. दोन दिवस फोन नाही, मेसेज नाही. अर्जाची दुरुस्ती तेच करू शकत होते, अर्जाचं ऑनलाइन खातं त्यांचं होतं. मी स्वयंपाक करत होते आणि ताटावर नुसती बसत होते.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलंच. "जेवत काऊन नाई वो?" मग त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. आमच्या सासूबाईंची जीभ काही मऊ नाही, सगळी आळी जाणून आहे. पण त्या तांदूळ पाखडत होत्या त्या पाखडतच राहिल्या. म्हणाल्या, "नाव म्या बदलवलं तुहं. तू थोडीच बदलली. त्याले येऊ दे राग. खरं आईकलं का येतेच माणसाले." आणि थोड्या वेळाने, "आता जेव."

तिसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला. ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तोच त्यांनी विचारला. मी खोटं बोलू शकले असते, सवय होतीच. पण आता त्यात जीव राहिला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही बघायला आलात तेव्हा माझ्या डोक्यात कॅनडाच होता. आता नाही. तुम्ही उद्या सगळं सोडून अर्जुनीला आलात, तरी मला चालेल." ते म्हणाले, "काय झालं होतं ते तारखांसकट लिहून पाठव."

मी मराठीत लिहिलं, दोन्ही नकारांची पत्रं जोडली, त्यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि गुरुवारी चढवलं. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही. तिकडच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. तुमच्या पत्नीच्या जुन्या नावावर दोन नकार आहेत, ते अर्जात का सांगितले नाहीत, खुलासा करा. "आपण कालच पाठवलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कालच." ती बाई एक सोमवार उशिरा भेटली असती तर? यजमानांनी आणखी एक दिवस राग धरला असता तर? तेच शब्द, तीच कबुली, पण विचारल्यानंतरची. हे कसं झालं त्याच्या खोलात मी जात नाही. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू द्यावं. त्या सकाळी माझ्या अंगावर जो काटा आला तो कितीतरी वेळ गेला नाही, एवढं मला माहीत आहे.

खुलाशात आम्ही आदल्या दिवशीचंच पत्र पुन्हा दाखवलं. पुढचे सात महिने काहीच कळलं नाही. सोळा सोमवार संपले, तरी आम्ही जात राहिलो. माझी यादी मात्र बंद झाली, मागायला तोंड राहिलं नव्हतं. धान कापणीला आलं तेव्हा एका सकाळी यजमानांनी नुसता एक फोटो पाठवला. मंजुरीचं पत्र होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी सुन्न होऊन तशीच बसून राहिले आणि सासूबाईंनी येऊन उतू चाललेलं दूध बंद केलं.

त्या सोमवारी नारळ घेऊन आम्ही प्रतापगडला गेलो. उतरताना सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मध्येच एका पायरीवर बसलो. मी म्हटलं, "आई, तुमच्यामुळे झालं जी. तुम्ही एवढे सोमवार मागितलं म्हणून त्यानं दिलं."

त्या समोरच्या झाडांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्या कोठं मांगतलं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"पयल्या सोमवारी मांगाले गेली, तं तोंडातून निंगेच ना. तू गेली का घरात मी एकटी. मंग जाऊ देऊ नको म्हणाव, तं तेई म्हणवे ना. माह्याच पोराची बायको हायेस तू. मंग मी दर सोमवारी म्हणो, महादेवा, मले काईच समजून नाई रायलं. तुले समजते तसं कर." एवढं बोलून त्यांनी पदराने नाक पुसलं आणि हात पुढे केला, उठवायला.

मी त्यांना उठवायचं विसरून गेले. ज्या बाईच्या शेजारी उभी राहून मी माझ्या मागण्यांची रांग लावत होते, ती दर सोमवारी रिकाम्या हाताने उभी होती. मी तिला माझ्यासाठी साकडं घालणारी समजत होते. जे मला मिळालं ते तिच्यापासून काढून घेतलेलं होतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तिने महादेवाच्या पायाशी ते मोकळं सोडलं होतं. शरण जाणं हा शब्द मी खूपदा ऐकला होता. तो कसा दिसतो ते मी त्या पायरीवर पाहिलं.

पुढच्या महिन्यात मी निघते आहे. माझ्या बुद्धीपलीकडे माझ्यावर जी कृपा झाली, तिच्यापुढे मी हात जोडते आणि काही मागत नाही. सासूबाईंचं नाव तेवढं महादेवासमोर घेते आणि गप्प उभी राहते. त्यांच्यासाठी काय मागावं, ते मलाही समजत नाही.