सूर्यावरचे डाग आणि परुळेकर मॅडम

परुळेकर मॅडम रोज सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर सूर्याकडे पाठ करून बसत. छोट्या दुर्बिणीतून आलेला सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचा आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने टिपायचे, हा त्यांचा नेम. निवृत्तीपर्यंत त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात, ओसरतात. जगाच्या बाजारातली तेजी-मंदी त्याच तालावर चालते, असा त्यांचा कयास. सहकारी हसायचे.

"हसू देत गं," त्या मला म्हणायच्या. "पाऊस, पीक, भाव, माणसाचा मूड... सगळ्याच्या मुळाशी ऊनच ना?"

माझा दादा मात्र हसला नाही. त्याची भांडुपची कंपनी बंद पडली होती. हातात एकरकमी पैसे होते आणि समोर दोन मुलींची शिक्षणं. डाग आता भरात आहेत, लवकरच ओसरतील, एवढंच त्याने मॅडमकडून ऐकलं. पुढचं त्यानेच ठरवलं: बाजार कोसळणार, तेव्हा कोसळण्यावरच सगळं लावायचं.

एका रविवारी तो त्यांच्या घरी गेला. वहिनीने घाबरून मला मागोमाग धाडलं.

"मॅडम, एकदा हो म्हणा. उद्या बाजार उघडला की लावतो."

मॅडमचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांच्या शब्दावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता.

"बायकोला विचारलंस, संदीप?"

"तिला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला कळतं ना?"

मॅडम म्हणाल्या, "नाही कळत. जुळलं ते मी मांडत गेले. नाही जुळलं ते अपवाद म्हणून बाजूला टाकलं. आता अपवादच जास्त झालेत."

"मग इतकी वर्षं काय सांगत होता?"

"मला वाटतं ते. वाटण्यावर गप्पा होतात रे, पोरींच्या फिया भरता येत नाहीत."

दादा दार आपटून निघून गेला. मॅडमनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "थांबेल ना गं तो?" त्यांनी विचारलं.

तो थांबला, पण रागाने. पुढच्या महिन्यात बाजार चांगलाच चढला, तरी जिन्यात मॅडम दिसल्या की मान फिरवायचा. पुढे त्याला एका गोदामात नोकरी लागली. "आज बोलतो त्यांच्याशी," असं दोनदा म्हणाला आणि राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. दादा सगळ्यांच्या आधी त्यांच्या दारात पोचला. बाहेरगावहून आलेल्या त्यांच्या भाच्याने विचारलं, "आपण कोण?"

"विद्यार्थी," दादा म्हणाला.

तो त्यांच्या वर्गात कधीच बसला नव्हता.