तात्यांची मेणातली बत्तिशी

आमच्या तात्यांचे पुढचे दात चहात पडले. वय झालं की माणसाचे दात पडतातच. पण हे मी आदल्याच आठवड्यात बनवले होते!

मी पुण्यात दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण घेते. विषय कृत्रिम दातांचा, म्हणजे कवळ्यांचा. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आमच्या गावात, डिंगोऱ्यात, माझ्या शब्दाला फार मान. (म्हणजे त्या दिवसापर्यंत होता.) माझे चुलते तात्या हे माझे पेशंट. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. दिसायला बरे आहेत ना, एवढंच. तात्यांना पुण्याला यायला सवड नव्हती, म्हणून मीच ते डब्यात घालून घरी आणले. आणि नेमके त्याच दिवशी त्यांच्या सारिकाला बघायला मढचे पाहुणे यायचे होते.

तात्यांनी दात घालून आरशात पाहिलं आणि काढून द्यायला साफ नकार दिला.

"सोयऱ्यांम्होरं बोळकं दावू का?"

"तात्या, मेण आहे ते! खायचं नाही, चावायचं नाही."

"आगं, न्हाई खात. निस्तं हसतो."

मला मोठ्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही. चहाचं तर बोलायचंच राहिलं!

तात्या हसले. इतके हसले, की मुलाची आई सारिकाला सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. पोहे आले तेव्हा 'आज उपास' म्हणून ते सुटले. मग सारिका चहा घेऊन आली.

"तुमी घेतल्याबिगर आमी न्हाई घेणार, पावणं!" मुलाचे वडील हट्टालाच पेटले.

तात्या एरवी चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून पितात. पण सोयऱ्यांपुढे तसं कसं प्यायचं? त्यांनी वाफाळता कपच तोंडाला लावला!

तात्या पुन्हा हसले तेव्हा त्यांचा एक दात मढकडे बघत होता आणि दुसरा ओतूरकडे! मग आवाज आला, टुबुक! एक दात कपात. पाठोपाठ दुसरा.

"आगं बया!" मुलाची आई ताडकन उठली. "बसल्या बसल्या दात गळाया लागले! घराण्यात कसला रोग हाय?"

सारिका पांढरीफटक. मुलगा तिला मनापासून आवडला होता. मघाशी चुलीपाशी माझ्या कानात तसं म्हणाली होती. मी कशीबशी पुढे झाले.

"रोग नाही हो. दात मेणात बसवलेत. मीच."

"मेणात? मेनबत्तीच्या?"

"नाही, हे... गुलाबी असतं."

"लई शिकलीय, डाक्टरीन हाय आमची!" तात्या अभिमानाने म्हणाले, आणि तिसरा दात पडला!

पाहुणे बाहेर ओट्यावर जाऊन बराच वेळ कुजबुजले. आत आले ते गंभीर चेहऱ्याने.

"पोरगी पसंत हाय," मुलाचे वडील म्हणाले. "पर आमची एक अट हाय."

काकूने पदर तोंडाला लावला.

"लग्नाच्या आदी तात्यास्नी एकांद्या खऱ्या डाक्टरकडं न्या."

कोणी काही बोलायच्या आत "मान्य! मान्य!" असं जोरात ओरडली, ती मीच.