दाबून ठेवलेला निरोप

आमच्या ऑफिसात भिंगरीला खुर्ची देणं म्हणजे खुर्ची वाया घालवणं. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीतला हा कॉम्प्युटरवाला, दोन पोरींचा बाप, पण बूड टेकेल तर शपथ! फोनवर बोलता बोलता जिन्यापर्यंत जाऊन यायचा, म्हणून हे नाव. मी समोरच्या टेबलावर तक्रारी घेते. "अरे बस की मेल्या, मला गरगरतंय," असं रोज ओरडायचे.

त्या दिवशी मात्र त्याच्या येरझाऱ्यांना कारण होतं. महिन्यापूर्वी एका इमारतीत लिफ्ट दोन मजले घसरली नि एका बाईचा पाय मोडला. मेकॅनिक दादा म्हणत होते, "दोर झिजलाय असा निरोप मी तीन आठवडे आधीच पाठवला होता." भिंगरीने कॉम्प्युटरमध्ये शोधलं नि लिहून दिलं, 'असा निरोप सापडला नाही.' तेवढ्या एका ओळीवर दुपारी तीन वाजता दादांची सत्तावीस वर्षांची नोकरी जाणार होती.

दादा बाहेर बाकावर बसले होते. भांडले असते तर बरं झालं असतं. "तुझं मशीन म्हणतंय ना, मग राहू दे," एवढंच म्हणाले.

भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "ताई, दादा खोटं बोलतील?"

"मला काय विचारतोस! लिहून कुणी दिलं? बस आता बोंबलत!" मला भयंकर राग आला होता.

दोन वाजून गेल्यावर तो एकदम थांबला नि कपाळावर हात मारला. "गाढव आहे मी!" आमचं मशीन दर रविवारी जुने निरोप दाबून लहान फायली करतं, जागा वाचावी म्हणून. नेहमीच्या शोधाला त्यांच्या आतलं वाचता येत नाही, आणि तसं सांगतही नाही, गुमान पुढे जातं. म्हणजे याने गाठोडं न सोडताच आत काही नाही म्हणून सांगितलं होतं.

तो बसला. खरंच बसला! काळ्या पडद्यावर शोधाची तीच आज्ञा टाइप केली, पण आधी इंग्रजी झेड लावून. "आता दाबलेल्या फायलीही उघडून वाचेल." घाईत दोनदा चुकला.

"कर रे लवकर!"

ओळ आली. 'मोठा दोर झिजलाय. लिफ्ट बंद ठेवा.' तारीख, वेळ, दादांचा नंबर. मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. "सापडलं रे बाबा!"

तो वळला नाही. खाली आणखी एक ओळ होती, दादांना माझ्या टेबलावरून गेलेलं उत्तर. 'दोर झिजल्याचं कळलं. साहेबांना सांगते.'

मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फोन सारखा वाजत होता, विसरले. इतकी विसरले की महिनाभर दादांची कीव करत फिरले.

भिंगरी उठला, परत बसला. "ताई, खालची ओळ वगळता येईल."

"दोन्ही छाप," मी म्हटलं. "मीच घेऊन जाते साहेबांकडे."

कागद घेऊन बाहेर आले नि साहेबांच्या दाराआधीच भिंतीला टेकले.

"ताई, बरं वाटत नाही का? बसा," म्हणून दादा बाकावरून उठून उभे राहिले.