इंदूमावशीचा रविवारचा मासा

इंदूमावशी गेल्याची बातमी मला गाझियाबादहून तिच्या शेजारणीने, मिसेस त्यागींनी, सकाळी सातला फोनवर दिली. "आंटी नहीं रहीं जी, नींद में ही..." एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या आणि मीच त्यांची समजूत काढत बसले. त्र्याऐंशी वर्षांचं वय, झोपेत मरण, कुणाला एक दिवसही सेवा करायला लावली नाही. सगळे म्हणाले, भाग्यवान. भाग्याचा काय संबंध? कुणाकडून काही करून घ्यायचं नाही हा तिचा जन्माचा हट्ट होता, तो तिने शेवटपर्यंत चालवला. तेराव्याचं आटोपल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या जोशीकाकांचा फोन. "नीलू, तू तिची भाची, आपल्या अंकाच्या पुरवणीसाठी चार ओळी लिही. दिल्लीत मराठी बाईनं एकटीनं नोकरी केली, गणपतीत मोदकांना उभी राहायची, सगळं येऊ दे. फक्त ते चायनीजवाल्याचं प्रकरण तेवढं नको हं. उगाच कशाला..." मी हो-हो म्हणून फोन ठेवला. आता लिहायला बसलेय तर सांगते काका, मी तेवढंच लिहिणार आहे. मोदकांचं तुम्ही लिहा.

मावशी वेंगुर्ल्याची. शॉर्टहँडची परीक्षा देऊन बाविसाव्या वर्षी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आली आणि आर. के. पुरममध्ये क्वार्टर मिळवून राहिली. लग्न झालं नाही असं कुणी म्हटलं की लगेच दुरुस्ती करायची, "झालं नाही नव्हे, केलं नाही." दिल्लीबद्दल तिची तक्रार एकच, इथल्या लोकांना मासा म्हणजे पकोडा वाटतो. आमचंही घर तिथेच, दोन सेक्टर सोडून, त्यामुळे रविवारी मी तिच्याकडे. मी नऊ वर्षांची असताना जवळच्या मार्केटात लियाँग नावाच्या कलकत्त्याच्या माणसाने सहा टेबलांचं चायनीज हॉटेल काढलं. त्याचे आजोबा चीनमधल्या कँटनहून सुतारकामाला आलेले. लियाँगने टेबलं स्वतः केली होती आणि त्यातलं एकही डुगडुगत नसे. पंखा, भिंतीवर कॅलेंडर, काउंटरवर बडीशेप, बाकी थाट शून्य. गिऱ्हाईक मागायचं चाऊमिन आणि वर टोमॅटो सॉस, तो निमूट करून द्यायचा. मावशीने पहिल्याच दिवशी चाऊमिनचा एक घास घेतला, काटा खाली ठेवला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "आप लोग खुद क्या खाते हो?" लियाँग जरा गडबडला. मग म्हणाला, "मछली, दीदी. भाप में. आपको अच्छा नहीं लगेगा." मावशी म्हणाली, "वो मैं देखूँगी."

आणि आला तो अख्खा मासा! डोक्या-शेपटीसकट, वाफेवर शिजवलेला, अंगावर आल्याच्या काड्या नि कांद्याची पात, वरून कडकडीत तेल. मसाला नाही, हळद नाही. मला तर रडूच आलं, तो मासा माझ्याकडे बघत होता. मावशीने मात्र काटे काढत काढत एक बाजू फस्त केली आणि दुसऱ्या बाजूसाठी मासा उलटायला घेतला. तेवढ्यात काउंटरमागून लियाँग ओरडत धावला, "पलटना नहीं दीदी! पलटने से नाव डूबता है!" त्यांच्यात ताटातला मासा उलटा करत नाहीत, मधला काटा उचलून खालची बाजू खातात, कारण मासा उलटला की समुद्रावर कुणाची तरी होडी उलटते. वेंगुर्ल्यात वाढलेल्या बाईला होडीचं काय सांगायचं? मावशीचा चेहरा एकदम बदलला. तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि लियाँगची चक्क माफी मागितली. मावशीला माफी मागताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी एक वाजता मावशीचा मासा ठरलेला. मेनूकार्डावर तो कधीच नव्हता. थंडीत लियाँगची बायको घरच्यांसाठी तांदळाची पातळ लापशी करायची, ती एकदा मावशीने चाखली आणि "अगं नीलू, ही तर आपली पेज!" म्हणून हॉटेलभर ऐकू जाईल असं ओरडली. पुढच्या रविवारी घरून जवळ्याची चटणी घेऊन गेली. लियाँगने ती पेजेबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. लहानपणी, बासष्टच्या चीन युद्धाच्या वेळी, त्याला आणि त्याच्या वडिलांना पोलिसांनी कलकत्त्यातून उचलून नेऊन दोन वर्षं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. दहा वर्षांचं पोर! हे त्याने मावशीला किती वर्षांनी सांगितलं कोण जाणे. मला ती एवढंच म्हणाली, "त्याच्या हातचं खातेस ना, मग हेही माहीत असू दे."

ऑफिसात कुणीतरी चुगली केली. साहेबांनी बोलावून विचारलं, तुम्ही सरकारी नोकर, एका परदेशी माणसाकडे दर आठवड्याला जाता म्हणे? मावशी म्हणाली, त्याचं रेशनकार्ड माझ्या रेशनकार्डाआधीचं आहे. साहेब म्हणाले, लेखी द्या. मावशीने दिलं. तीन प्रतींत, स्वतः टाइप करून: "सदर ठिकाणी मी दर रविवारी मासे खाण्यासाठी जाते. यापुढेही जाईन. माहितीसाठी सादर." बढती दोन वर्षं लांबली. तिने त्या दोन वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. रिटायर होऊन गाझियाबादला फ्लॅट घेतल्यावरही आधी बसने, मग मेट्रोने, दोन तास घालवून यायची.

आता जे प्रकरण जोशीकाकांना नको आहे ते. काही वर्षांपूर्वी चीनच्या सीमेवर चकमक झाली, आपले जवान गेले. सगळ्या देशाला दुःख झालं, मावशीलाही झालं, टीव्हीसमोर बसून ढसाढसा रडली. पण त्या रविवारी सकाळपासूनच लियाँगच्या हॉटेलसमोर पंधरा-वीस माणसं जमून घोषणा द्यायला लागली, बंद करो, वापस जाओ. कुठे वापस? कलकत्त्याला? लियाँगने बोर्डावर चादर टाकली होती. मावशीने मला फोन केला, "मी जातेय. येतेस?" मी म्हटलं, येते. आणि गेलेही... पण रस्त्यापलीकडे केमिस्टच्या दुकानापर्यंतच. मीही तेव्हा सरकारी नोकरीत, कुणी व्हिडिओ काढला, वरिष्ठांनी पाहिला तर? पेन्शनला थोडी वर्षं उरलेली. मी क्रोसिनची पट्टी विकत घेतली, मग बँडेज घेतलं, मग उगाचच थर्मामीटर. समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी मावशी त्या गर्दीतून "हटो बेटा, हटो" करत सरळ आत गेली. चादर काढायला लावली. दार सताड उघडं ठेवून दर्शनी टेबलावर बसली आणि चांगला तासभर जेवली. माणसं कंटाळून पांगली. मीही घरी गेले, आणि रात्री फोनवर तिला सांगितलं की ट्रॅफिकमध्ये अडकले. "बरं," ती म्हणाली. त्यावर पुन्हा एक अक्षर नाही. पुढेही रविवारी तिच्यासमोर बसून मी मासा खात राहिले, निर्लज्जासारखी.

गेल्या रविवारी एकटीच लियाँगकडे गेले. म्हातारा आता गल्ल्यावर नुसता बसतो, स्वयंपाकघर त्याची मुलगी रोझी सांभाळते. मी बसले आणि इतक्या वर्षांचं भडाभडा बोलून टाकलं. "अंकल, उस दिन मैं आई थी. सामने केमिस्ट के यहाँ खड़ी रही. डर गई थी."

"मालूम है," लियाँग म्हणाला. "दीदी को भी मालूम था. यहाँ से सब दिखता है न."

मग रोझीने सांगितलं. मावशीने त्या दिवशी पेजेच्या दोन वाट्या मागवल्या होत्या. बाहेरच्यातला एकजण आत डोकावून म्हणाला, माताजी, पूरे मार्केट में आप अकेली बैठी हैं, शर्म नहीं आती? त्यावर मावशीने दुसरी वाटी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली. "अकेली कहाँ? भांजी आ रही है. रास्ते में है."

तासभर तिने ती वाटी उचलू दिली नाही म्हणे. पेज गार झाली तर रोझीला पुन्हा गरम करून आणायला लावली... दोनदा.

मी तिथे हमसून हमसून रडले, लाज न बाळगता. मग डोळे पुसले आणि रोझीला म्हटलं, दोन वाट्या आण. तिने आणल्या. मी दोन्ही खाल्ल्या. जोशीकाका, तुमची किंवा आणखी कुणाची हरकत असेल तर जरूर येऊन सांगा. रविवारी दुपारी एकपासून मी तिथेच असते, दर्शनी टेबलावर.