राबातली रानकोंबडी

डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत कोंडाबाईच्या फाशांचं नाव होतं. घोड्याच्या केसांचा फासा ती पाचोळ्यात असा लपवायची, की रानकोंबडीला पाय अडकल्यावरच कळायचं.

"वैनी, तुमी पाखरू न्हाई झालात ते बरं," धाकटा दीर रखमाजी म्हणायचा, "सोताच्याच फाशात घावला असता."

"आन् तुमी मसाला वाटत बसला असता!"

रानकोंबडी तिच्याइतकी कुणी खाल्ली नसेल. पण बापानं फासा शिकवताना एक नेम घालून दिला होता: अंड्यांवर बसलेलीला हात लावायचा नाही. कोंडाबाईनं तो कधी मोडला नव्हता.

सत्त्याण्णव सालचा वैशाख. भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या जमिनीवर शेण, फांद्या, पाचोळा पसरून वर मातीचा हात फिरवलेला. हा राब भाजला की तण जळतं आणि रोप जोमानं येतं. कोंडाबाईचा आणि रखमाजीचा राब लागूनच होता, रानाच्या कडेला. भीमाशंकरच्या अंगाला ढग जमत होते. भिजला तर राब पेटणार नव्हता, म्हणून आजच भाजायचं ठरलं.

कडेच्या फांद्या आत सारायला ती वाकली आणि करवंदीच्या जाळीखाली तिला आधी डोळा दिसला. नुसता डोळा. मग चोच. मग छातीवरचे पांढरे खवले. बाकी सगळी रानकोंबडी पाचोळ्याच्याच रंगाची. एवढ्या जवळ माणूस येऊनही उडाली नाही, म्हणजे खाली अंडी होती.

कोंडाबाई तशीच मागं सरकली.

"काय झालं?" रखमाजी काडेपेटी घेऊन आला होता.

खरं सांगितलं असतं, तर रानकोंबडी आज त्याच्या चुलीवर शिजली असती. त्याच्या पोरीला बघायला शिनोलीहून पावणे यायचे होते आणि सकाळपासून तो वाडीभर रश्श्यासाठी कोंबडं मागत फिरत होता.

"काय न्हाई. उद्या पेटवू, भावजी."

"उद्या? वर बघा की!"

"तिकडं कडंला घोणस हाय." तोंडात आलं ते ती बोलून गेली.

रखमाजी हसला. "मग तर आत्ताच पेटवतो. भाजून निघंल!"

आणि पलीकडच्या टोकाला जाऊन त्यानं काडी ओढली.

वारा जिकडं जातो त्या टोकाला राब पेटवायचा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध उलटी, दमादमानं सरकते. ही चाल कोंडाबाईला पाठ होती. करवंदीची जाळी दुसऱ्या टोकाला, कोंडाबाईच्या राबाच्या कडेला. तेवढाच काय तो वेळ हातात होता.

तिनं फावडं उचललं आणि जाळीच्या अलीकडं पाचोळा ओढून उघड्या मातीचा पट्टा काढायला लागली. धूर नाकातोंडात जात होता. पदर तोंडाला बांधून ती ओढत राहिली.

"वैनी! चांगला राब का उस्कटताय?"

कोंडाबाईनं पट्टा आणखी रुंद केला.

"घोणशीसाठी कोण पट्टा काढतं?" रखमाजी जवळ आला. जाळीकडं बघितलं. काही दिसेना. मग त्यानं कोंडाबाईकडं बघितलं, आणि हळूच खांद्यावरची घोंगडी उतरवली.

"बसलीय व्हय?" आवाज एकदम बारीक. "सरका बाजूला."

"अंड्यांवर हाय, भावजी."

"पावणं वाटंत हायेत."

"माझा कोंबडा न्या. आत्ता न्या."

"त्यो म्हातारा? दात पडतील पावण्यांचे! सोयरीक मोडायचीय का?"

"मग तलंगा न्या. दोनी."

रखमाजी थबकला. त्या दोन तरण्या कोंबड्या नुकत्याच अंडी द्यायला लागल्या होत्या. तिच्याकडं दुसऱ्या कोंबड्याच नव्हत्या. "येड लागलंय तुमाला. जलमभर फासं लावलं, आन् आज..."

"फासा उडत्या पाखराला असतो."

आग पट्ट्यापाशी आली होती. वारा मधेच फिरला, एक पेटलेलं पान उडून पट्ट्यापलीकडं पडलं आणि पाचोळ्यानं धूर धरला. कोंडाबाईनं अनवाणी पायानंच ते चिरडलं. रानकोंबडी हातभर अंतरावर होती. तिनं फक्त मान आत घेतली. उडाली नाही.

रखमाजी घोंगडी धरून उभा. एक झेप, की झालं होतं.

"भावजी, आता हिला धरली, तर उद्यापास्नं तुमच्या बांधावर मी पाय ठिवायची न्हाई. लावणीला बी न्हाई."

वाडीत लावणी एकमेकांच्या हातांवरच होत होती. रखमाजीनं पलीकडची लाल कड बघितली, तिचा होरपळलेला पाय बघितला. मग "आयला" म्हणत घोंगडी पट्ट्याच्या कडेवर आपटायला लागला. दोघांनी मिळून ती कड विझवली.

"तलंगा?" खोकत खोकत त्यानं विचारलं.

"खुराड्यात हायेत. घिऊन जा."

"आन् ही? अंडी फुटली की तुमीच धरणार, मला म्हाईत हाय."

"धरीन की. आधी पिलं उडू द्या."

पट्ट्यापलीकडचा, जाळीजवळचा तुकडा तसाच न भाजता राहिला. आषाढात तिथं रोपापेक्षा तणच जास्त उगवलं. रोप पुरलं नाही, आणि त्या वर्षी कोंडाबाईचं खालचं भातखाचर लावणीवाचून पडीक राहिलं. जाळीजवळचा तो तुकडा ती एकटीच वाकून, तण उपटत बेणत बसायची. रखमाजी बांधावरून जाताना विचारायचा, "काय वैनी, रानकोंबडीनं यंदा भात किती दिलं?"

"तलंगा गोड लागल्या का, ते सांगा आधी," ती मान वर न करता म्हणायची.