दाराआडचा श्वास

त्या वर्षी माझा श्वास गळ्याशीच अडायला लागला. औरंगाबादच्या एका शाळेत मी शिकवत होते. फळ्याकडं वळलं की छाती आवळायची आणि हातातला खडू तसाच राहायचा. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला. काही निघालं नाही. देवापुढं रोज स्तोत्र म्हणायची माझी लहानपणापासूनची सवय, तीही सुटली, कारण दुसऱ्याच ओळीला धाप लागायची. खरं सांगते, आपलं कुणी ऐकतंय यावरचा माझा विश्वासच तेव्हा डळमळला होता.

यजमानांनी फारच आग्रह धरला म्हणून एका सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेले. हात जोडले, पण मन कोरडंच राहिलं. बाहेर येऊन कुंडाच्या पायऱ्यांवर बसले. शेजारी एक म्हातारी भाकरी खात होती. बराच वेळ माझ्याकडं बघून ती म्हणाली, "बाई, वरच्या वर श्वास घेतीस तू. किती दिस झाले?"

ती फुलंब्रीकडची सुईण होती. "अडलेल्या बाया लई पाहिल्या म्या. भ्यालेली बाई श्वास धरून ठेवती," असं म्हणत तिनं माझा तळहात माझ्याच पोटावर ठेवला आणि वर आपला खरखरीत हात. "इथवर येऊ दे. जोर नको लावू. कुठं अडतंय तेवढं बघ."

मी डोळे मिटले. पोट दगडासारखं घट्ट होतं. दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. हे सगळं मला तेव्हा कळलं. हळूहळू श्वास खाली उतरू लागला आणि गळ्यातल्या गाठीपाशी येऊन थबकला. तिथंच थांबून राहिले, तर ध्यानीमनी नसताना नसीम आठवली.

गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. तिचे अब्बा हिमरूचं रेशमी कापड विणायचे. मागाखाली पडलेले रेशमाचे तुकडे वेचून आम्ही बाहुल्यांना नेसवायचो. तेव्हा निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत असे; माझा 'ऐन' नीट वळत नसे, तर ती माझं बोट धरून पाटीवर गिरवून घ्यायची. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर सगळ्याच घरांत भीती शिरली. तिच्या घरच्यांनी हैदराबादला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ती आमच्या दाराशी आली. "दरवाजा खोल ना, मैं जारी," तिनं हाक मारली. कुणी बघेल म्हणून घाबरलेल्या आईनं मला ओढून धरलं, ओठांवर बोट ठेवलं. नसीमनं तीनदा हाक मारली. दहा वर्षांची मी, दाराआड श्वास रोखून उभी राहिले, तिची पावलं लांब जाईपर्यंत. पुढं पंचवीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, की त्यासाठी कधी रडले नाही.

त्या पायऱ्यांवर मात्र ढसाढसा रडले. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हय, येऊ दे," एवढंच म्हणत राहिली. पदरानं डोळे पुसले तेव्हा श्वास पार पोटापर्यंत पोचत होता. तिची बस निघायची होती. गठुडं उचलून ती गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

नसीमच्या मामूंचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं. इतकी वर्षं मी तिथून मान खाली घालून जायचे. दुसऱ्या दिवशी पायरी चढले आणि पत्ता मागितला. विसरत चाललेल्या उर्दू अक्षरांत, खाडाखोड करत तिला सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'तू दाराआड आहेस हे मला माहीत होतं. खालच्या फटीतून तुझी पावलं दिसत होती. म्हणून तर तीनदा हाक मारली, तुला नीट ऐकू जावी म्हणून.'

नंतर कितीतरी सोमवार मी वेरूळला गेले. ती सुईण पुन्हा दिसली नाही. तिला कुणी धाडलं याची फोड मी करत बसत नाही. पूर्वी देवापुढं बसले की मागण्यांची रांग लावायचे आणि आतलं एक दार घट्ट लावून ठेवायचे. आता नुसती बसते. जे वर येईल ते येऊ देते, रडू आलं तर रडते. त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नाही, ही त्याचीच कृपा.